आईच्या बोनमॅरो रिपोर्टमधे 'रक्तवाहिन्या वाढलेल्या' असं लिहिलंय, म्हणजे नक्की काय?

सायली_ठाणे (सोमवार, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी. खूप दिवसांनी लिहितेय आणि कारण चांगलं नाहीये.

आई ६३ वर्षांची. दिवाळीपासून पाठ दुखत होती. वयाचं दुखणं म्हणून शेक झाला, तेल झालं, कॅल्शियमच्या गोळ्या झाल्या. मग हिमोग्लोबिन ८ वर आलं, क्रिएटिनिन वाढलं, आणि मग एकामागून एक तपासण्या होऊन शेवटी मल्टिपल मायलोमा निघाला, म्हणजे मज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. मागच्या आठवड्यात बोनमॅरो, म्हणजे हाडातली मज्जा, तपासायला काढला. प्लाझ्मा सेल्स ४५ टक्के, ते डॉक्टरांनी समजावलं. पण रिपोर्टच्या शेवटी एक ओळ आहे, मज्जेत बारीक रक्तवाहिन्यांचं प्रमाण वाढलेलं दिसतं अशी, आणि त्याबद्दल विचारायचंच राहिलं. बाहेर पेशंटची रांग होती आणि आई व्हीलचेअरवर अवघडून बसली होती.

घरी येऊन तीच ओळ डोक्यात घोळतेय. गाठ असती तर समजलं असतं, गाठीला रक्त लागतं म्हणतात. पण हा तर रक्ताचाच कॅन्सर ना? रक्तात असलेल्या आजाराला रक्तवाहिन्या कशाला वाढवायला लागतात? आणि हे वाईट लक्षण आहे का? त्यावर वेगळं औषध असतं का? कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा, डॉक्टरांची पुढची अपॉइंटमेंट शुक्रवारी आहे.

पेठकर (सोमवार, रात्री ११.५२)

सायली, काळजी घे. इथे काचपट्टीताई आहेत, त्या पॅथॉलॉजिस्ट आहेत, त्या नक्की लिहितील. रात्री अकरानंतर गुगल करू नकोस एवढंच सांगतो, माझ्या बायकोच्या वेळी मी तेच केलं आणि सकाळपर्यंत डोळा लागला नाही.

कोल्हापुरी_पांढरा (मंगळवार, सकाळी ७.१५)

वैद्यकीय काही कळत नाही पण एक विचारतो. मज्जा म्हणजे मटणाच्या नळीत असतो तो मगजच ना? मग त्यात रक्तवाहिन्या कुठून आल्या, तो तर नुसता लोण्यासारखा असतो.

काचपट्टी (मंगळवार, सकाळी ८.०५)

पांढरा, प्रश्न अगदी बरोबर आहे आणि सायलीच्या प्रश्नाची सुरुवात तिथूनच होते, म्हणून आधी नळी.

नळीत जो पिवळट, लोण्यासारखा मगज असतो ती बरीचशी चरबी. माणसातही मोठेपणी हातापायांच्या लांब हाडात बहुतेक तीच असते. रक्त तयार होतं ते लाल मज्जेत, आणि ती मोठ्या माणसात कंबरेचं हाड, मणके, फासळ्या, छातीचं हाड अशा ठिकाणी असते. म्हणून बोनमॅरो कंबरेच्या हाडाच्या मागच्या कडेतून काढतात. (सायली, आईला कोणी 'मणक्यात सुई घातली' म्हणालं असेल तर सांग, तसं नसतं. मणक्यातलं पाणी काढतात ती तपासणी वेगळी. इथे कमरेखाली मागच्या बाजूला हाडाचा उंचवटा असतो, तिथे भूल देऊन सुई घालतात.)

ही लाल मज्जा रक्तवाहिन्यांनी भरलेली असते. त्यातल्या खास वाहिन्यांना सायनुसॉइड म्हणतात, रुंद, पातळ भिंतीच्या. मज्जेत तयार झालेल्या पेशी त्या भिंतीतून आत शिरून रक्तप्रवाहात येतात. म्हणजे वाहिन्या तिथे आधीपासूनच असतात. आजारात त्यांची संख्या वाढते, त्या वेड्यावाकड्या होतात, फाटे फुटतात.

आता आम्ही मोजतो कसं. हाडाचा जो बारीक लांबट तुकडा येतो, एक-दीड सेंटीमीटरचा, त्याचे पातळ काप काढून त्यावर वाहिन्यांच्या आतल्या अस्तराला रंग देणारं स्टेन करतात. सीडी ३४, सीडी ३१ किंवा फॅक्टर आठ. मग कमी पॉवरवर जिथे सगळ्यात दाट वाहिन्या दिसतात ती ठिकाणं शोधायची आणि ४०० पट मोठं करून मोजायच्या. ल्युकेमियात सीडी ३४ वर भरवसा ठेवता येत नाही, कारण खुद्द ब्लास्ट, म्हणजे कॅन्सरच्या कच्च्या पेशीही बऱ्याचदा त्याच रंगात रंगतात, मग वाहिनी कुठली आणि पेशी कुठली हा गोंधळ.

रोजच्या रिपोर्टात हा आकडा आम्ही देत नाही. उपचार त्यावर ठरत नाहीत आणि मोजणाऱ्याप्रमाणे तो बदलतो. तुझ्या रिपोर्टवाल्यांनी दिसलं ते प्रामाणिकपणे एका ओळीत लिहिलंय. आईच्या आजारात हे अनपेक्षित नाही. बाकीचं दुपारी लिहिते, स्लाइड्स वाट बघतायत.

कोल्हापुरी_पांढरा (मंगळवार, सकाळी ८.२०)

एवढं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद ताई. सायलीताई, आईंना लवकर आराम पडो.

सिंधुदुर्गची_लेक (मंगळवार, सकाळी ९.४८)

वाचतेय. माझ्या काकांना मायलोफायब्रोसिस आहे, पानथरी पार बेंबीपर्यंत आलीय. त्यांच्याही रिपोर्टला अशीच ओळ होती. त्यांचा बोनमॅरो काढताना सुईत काही आलंच नाही, नुसता हाडाचा तुकडा काढावा लागला.

काचपट्टी (मंगळवार, सकाळी ९.५५)

मायलोफायब्रोसिसमधे मज्जेत धागे माजतात, म्हणून ओढलं तरी येत नाही. वाहिन्या तर तिथेही खूप वाढतात, रुंद होतात.

पेशीवाला (मंगळवार, दुपारी १.३०)

मी डॉक्टर नाही, परदेशात एका प्रयोगशाळेत मज्जेतल्या पेशींवर काम करतो. सायलीने विचारलेला प्रश्न, रक्ताच्या कॅन्सरला रक्तवाहिन्या कशाला, हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता आणि बरीच वर्षं उत्तर 'लागत नाहीत' असंच धरलं जात होतं. तेव्हा सायली, तुझा प्रश्न अजिबात अडाणी नाहीये.

बॉस्टनला ज्युडा फोकमन नावाचे सर्जन होते, मुलांच्या हॉस्पिटलात. १९७१ मधे त्यांनी मांडलं की गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला नव्या रक्तवाहिन्या ओढून आणाव्या लागतात, आणि ते थांबवलं तर गाठ थांबेल. लोकांनी बरीच वर्षं त्यांना गंभीरपणे घेतलं नाही. गाठीला वाहिन्या लागण्याचं कारण साधं आहे, पेशी रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनपेक्षा लांब गेली की तिला ऑक्सिजन पोचत नाही. पण हे सगळं गाठीसाठी. ल्युकेमियाच्या पेशी तर रक्तात पोहतायत, त्यांना काय कमी?

चूक इथे होती की आजार रक्तात दिसतो पण राहतो मज्जेत. तिथे पेशी अशा खचाखच भरतात की हाडाच्या आतली ती जागा गाठीसारखीच होते. १९९४ मधे इटलीत बारी इथल्या वाक्का आणि रिबात्ती यांच्या गटाने मायलोमाच्या पेशंटांची मज्जा तपासून दाखवलं की आजार जोरात असतो तेव्हा वाहिन्या वाढलेल्या असतात. १९९७ मधे बॉस्टनलाच, फोकमन यांच्याच सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या एएलएल या ल्युकेमियामधे तेच दाखवलं, कित्येक पटींनी जास्त वाहिन्या. २००० मधे जर्मनीत म्युन्स्टरला एएमएल या दुसऱ्या प्रकारच्या ल्युकेमियामधे दिसलं, आणि तिथे अजून एक महत्त्वाचं, केमोने आजार गेलेल्या पेशंटांत वाहिन्याही कमी झाल्या.

मायलोमाचे आकडे तर फार बोलके आहेत. मेयो क्लिनिकने २००२ मधे ४०० जणांचे नमुने तपासले. मायक्रोस्कोपखाली एका वेळी दिसणाऱ्या भागात किती वाहिन्या, ते मोजलं. निरोगी मज्जेत मधला आकडा १.३, एमगस म्हणजे आजाराआधीची पायरी त्यात ३, स्मोल्डरिंग म्हणजे अजून त्रास न देणाऱ्या मायलोमात ४, नव्याने निदान झालेल्या मायलोमात ११, आणि आजार उलटलेल्यांत २०. पायरीपायरीने चढत जातं.

सायली_ठाणे (मंगळवार, दुपारी २.१०)

११ वाचून पोटात गोळा आला. म्हणजे वाईटच ना?

काचपट्टी (मंगळवार, दुपारी २.२५)

नाही गं. नीट बघ, ११ हा *नव्याने निदान झालेल्या सगळ्यांचा* मधला आकडा आहे. म्हणजे मायलोमा झाला की वाहिन्या बहुतेकदा वाढलेल्या असतातच. तुला जे आधीच माहीत आहे त्याच्याबाहेरचं ती ओळ काही सांगत नाही. गटागटांची तुलना केली तर जास्त वाहिन्या असलेल्या गटाला त्रास जास्त, हे खरंय. पण एकट्या आईचं पुढे कसं जाईल ते त्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, अल्ब्युमिन, एलडीएच या रक्ताच्या तपासण्या आणि फिश, म्हणजे कॅन्सर पेशीतल्या गुणसूत्रांची तपासणी, बघतात. शुक्रवारी त्याबद्दल विचार, या ओळीपेक्षा ते महत्त्वाचं.

अण्णा_सांगलीकर (मंगळवार, संध्याकाळी ६.४०)

सायली पोरी, मी स्वतः मायलोमाचा पेशंट, आठवं वरीस चालू आहे. वय ७१. रोज सकाळी शेताकडं चक्कर मारतो. हे आधी वाच आणि मग बाकीचं.

रक्तवाहिन्यांचं मला माझ्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं हे आमच्या कालव्यागत झालं. कालव्याच्या कडेनं लोकं चोरून सायफन टाकतात, एकाचं बघून दुसरा, दुसऱ्याचं बघून दहावा, आणि टेलच्या शेतकऱ्याला पाणीच पोचत नाही. कॅन्सरच्या पेशी सायफन टाकत्यात. डॉक्टर हसले आणि म्हणाले असंच आहे.

मला आधी थॅलिडोमाइड होतं. हातापायाला मुंग्या, पोट साफ नाही, दिवसा झोप. मग लेनालिडोमाइडवर टाकलं. त्यानं पांढऱ्या पेशी उतरल्या तेव्हा डोस कमी केला. थॅलिडोमाइड हे रक्तवाहिन्या तोडणारं औषध म्हणून देतात असं मला तेव्हा सांगितलेलं. तुझ्या वेगळ्या औषधाच्या प्रश्नाचं उत्तर हेच असावं.

वैदर्भीय (मंगळवार, रात्री ८.०२)

अण्णा, थॅलिडोमाइडचं नाव वाचलं आणि थांबलोच. आमचे बाबा चंद्रपूर भागात कुष्ठरोग निर्मूलनाचं काम करायचे, गावोगाव सायकलवर. कुष्ठरोग्यांना उपचार चालू असताना 'रिॲक्शन' यायची, अंगभर लाल दुखऱ्या गाठी, ताप, मज्जातंतू सुजून रात्र रात्र ओरडायचे लोक. तेव्हा या औषधाचं नाव बाबांच्या तोंडून ऐकलेलं. तेच हे?

पेशीवाला (मंगळवार, रात्री ९.१५)

तेच. या औषधाची गोष्ट सांगायलाच हवी, थोडं अवांतर होईल पण शेवटी सायलीच्या प्रश्नावर येतो.

१९५७ मधे पश्चिम जर्मनीत हे झोपेचं औषध म्हणून आलं. गरोदर बायकांना उलट्या-मळमळीवर दिलं गेलं. हात-पाय नसलेली, आखूड हातांची मुलं जन्मली, जगभरात दहा हजारांच्या वर. १९६१ च्या नोव्हेंबरात जर्मनीत बाजारातून काढलं. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी नावाच्या अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा म्हणून परवानगीच दिली नव्हती, म्हणून तिथली मुलं बरीच वाचली.

मग १९६४ च्या सुमारास जेरुसलेमला शेस्किन नावाच्या डॉक्टरांनी कुष्ठरोगाच्या त्या रिॲक्शनने तळमळणाऱ्या पेशंटला झोप तरी लागावी म्हणून कपाटात उरलेलं थॅलिडोमाइड दिलं. झोप तर लागलीच, पण गाठी आणि दुखणंही उतरलं. वैदर्भीय, तुमच्या बाबांनी पाहिलेलं ते हेच.

पुढे १९९४ मधे फोकमन यांच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट डी'अमाटो यांनी विचार केला की बाळाचे हातपाय वाढले नाहीत ते नव्या रक्तवाहिन्या न फुटल्यामुळे तर नसेल? सशाच्या डोळ्याच्या बुबुळावर करून बघितलं आणि खरंच वाहिन्या थांबल्या. त्यानंतर मायलोमाने आजारी असलेल्या एका तरुण डॉक्टरची बायको औषध शोधत दारोदार फोन करत होती, ती फोकमन यांच्यापर्यंत पोचली, त्यांनी थॅलिडोमाइड सुचवलं आणि आर्कान्सामधे लिटल रॉकला बार्लोगी यांच्या विभागात ते दिलं गेलं. त्या नवऱ्याला उपयोग झाला नाही, तो गेला. पण दुसऱ्यांना झाला. १९९९ मधे सीमा सिंघल आणि सहकाऱ्यांनी ८४ पेशंटांचे निकाल छापले, बहुतेक सगळे बाकीचे उपचार थकलेले, आणि त्यातल्या ३२ टक्के लोकांना फरक पडला. कित्येक वर्षांत मायलोमाला मिळालेलं हे पहिलं खरं नवं औषध.

मृण्मयी_क (मंगळवार, रात्री ९.४०)

त्या बाईचा विचार करतेय. नवरा वाचला नाही आणि तिच्या फोनमुळे अण्णांसारखे लोक आठ वर्षं शेतावर चकरा मारतायत.

अण्णा_सांगलीकर (मंगळवार, रात्री ९.५८)

खरं आहे. मला हे माहीत नव्हतं. त्या माउलीला हात जोडतो.

पेशीवाला (मंगळवार, रात्री १०.२०)

आता अण्णांशी थोडा मतभेद, आदर ठेवून. थॅलिडोमाइड रक्तवाहिन्या तोडतं म्हणून मायलोमावर चालतं, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं, तुमच्या डॉक्टरांनी तेव्हाच्या समजुतीप्रमाणे बरोबरच सांगितलं. पण त्या १९९९ च्या निकालातच एक खडा होता. ज्यांना औषध लागू पडलं त्यांच्या मज्जेतल्या वाहिन्यांची संख्या फारशी बदललीच नव्हती!

उकल पुढे झाली. २०१० मधे जपानमधे हांडा यांच्या गटाला सापडलं की थॅलिडोमाइड पेशीतल्या सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. २०१४ मधे कळलं की लेनालिडोमाइड चिकटलं की सेरेब्लॉन इकारॉस आणि आयोलॉस या दोन प्रथिनांना पेशीच्या कचराकुंडीत पाठवतं, आणि मायलोमा पेशी त्या दोघांवाचून जगत नाही. म्हणजे घाव मुख्यतः थेट कॅन्सर पेशीवर. वाहिन्यांवरचा परिणाम सोबतीचा.

अण्णा_सांगलीकर (मंगळवार, रात्री १०.३१)

असू दे. पाणी तोडून मरू दे नाहीतर मुळावर घाव घालून, मला उगवायला नको एवढंच. पण समजावून सांगितलंस ते बरं वाटलं, पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारतो.

डोंबिवली_फास्ट_नाही (बुधवार, सकाळी ७.५०)

लोकलमधून टाइप करतेय, चुका माफ. माझ्या सासूबाईंना डायबेटिसमुळे डोळ्यात इंजेक्शन देतात, पडद्यावर नव्या वाहिन्या फुटतात त्या रोखायला, त्याचं नाव बेव्हासिझुमॅब आणि डॉक्टर म्हणाले मूळ ते कॅन्सरचं औषध आहे. मग तेच सायलीच्या आईला सरळ का देत नाहीत? थेट रक्तवाहिन्यांवरच काम करतं ना ते?

काचपट्टी (बुधवार, सकाळी ८.३०)

चांगला प्रश्न. हो, ते थेट व्हीईजीएफवर काम करतं. व्हीईजीएफ म्हणजे 'इकडे वाहिनी फुटू दे' असा निरोप देणारं प्रथिन. २००४ मधे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. रक्ताच्या कॅन्सरमधेही मोठ्या आशेने वापरून बघितलं. वयस्कर एएमएल पेशंटांना केमोबरोबर ते देऊन हॉलंडमधल्या गटाने रीतसर चाचणी केली, २०१२ मधे निकाल आला, काही फायदा नाही. मायलोमातही ते उपचारात आलं नाही. निरोपाचा एक रस्ता बंद केला तर पेशी दुसरे रस्ते वापरतात, हे एक कारण असावं असं मला वाटतं.

हळदीकुंकू (बुधवार, सकाळी १०.१२)

एवढी भारी औषधं घ्यायच्या आधी घरचं बघा ना. हळदीतलं कुरकुमिन नव्या रक्तवाहिन्या रोखतं, हे सायन्सने सिद्ध झालंय. ग्रीन टीसुद्धा. सकाळी अनशापोटी हळद-मिरी आणि दिवसातून तीन कप ग्रीन टी, माझ्या मावशीला गुण आला होता. गव्हांकुराचा रसही सुरू करा सायलीताई.

काचपट्टी (बुधवार, सकाळी १०.४०)

हळदीकुंकू, तुमची कळकळ समजते, पण इथे मला स्पष्ट लिहावं लागेल कारण सायलीच्या आईचे उपचार सुरू होतायत.

काचेच्या बशीत पेशींवर कुरकुमिन ओतलं तर वाहिन्या रोखल्या जातात, हे खरं. पण तोंडाने घेतलेलं कुरकुमिन रक्तात फार थोडं पोचतं. जेवणातली हळद खुशाल खा, गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

ग्रीन टीचं तर उलट आहे. मायलोमात बोर्टेझोमिब नावाचं इंजेक्शन पोटावर देतात. २००९ मधे प्रयोगात दिसलं की ग्रीन टीतली द्रव्यं बोर्टेझोमिबला जाऊन चिकटतात आणि ते निकामी करतात. प्रयोग पेशींवर आणि उंदरांवर होता, तरी बोर्टेझोमिब चालू असताना ग्रीन टी आणि त्याच्या गोळ्या टाळा असं डॉक्टर सांगतात. सायली, आई घेत असेल तर आजच बंद कर.

कच्चे रस तर अजिबात नकोत, पांढऱ्या पेशी कमी असताना त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो.

हळदीकुंकू (बुधवार, सकाळी ११.०५)

हे बोर्टेझोमिबचं मला माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे घेते. सायलीताई, काचपट्टीताईंचंच ऐका. मावशीला दुसऱ्या जातीचा कॅन्सर होता.

सायली_ठाणे (बुधवार, सकाळी ११.३०)

अगं राग नाही गं. आणि खरंच आई रोज ग्रीन टी घेत होती, वजनासाठी. डबा उचलून ठेवला.

मृण्मयी_क (बुधवार, दुपारी ३.१५)

लिहू की नको करत होते. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना त्याला एएलएल झाला. आता चौदाचा आहे, परवा दहावीच्या क्लासला नाव घातलं. परळला उपचार झाले, आम्ही तेव्हा बार्शीहून आलेलो, दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. तिथे आमच्या खोलीच्या शेजारी बीडचे एक शिक्षक होते, त्यांच्या मुलीलाही तेच. रात्री जिन्यात बसून ते मला पेशींची चित्रं काढून समजवायचे, वहीच्या मागच्या पानावर. त्यांनी तेव्हा एकदा सांगितलेलं की रोग मज्जेत आपलं घर बांधतो, आणि घर बांधलं की नळ, वायरी सगळं ओढतो. हा धागा वाचताना ते पान डोळ्यासमोर आलं. त्यांची मुलगीही बरी आहे, नर्सिंगला आहे.

माझ्या मुलाच्या रिपोर्टात वाहिन्यांचं कधी काही आलं नाही, आणि त्याने काही अडलंही नाही. आजार गेला की ते नळही जातात ना ताई?

काचपट्टी (बुधवार, दुपारी ४.००)

बऱ्याच पेशंटांत कमी होतात, हो. मज्जा पूर्ववत व्हायला लागते. (नर्सिंगचं वाचून फार बरं वाटलं.)

पेशीवाला (बुधवार, रात्री ९.०५)

घराची उपमा त्या सरांनी फार नेमकी दिलीय. फक्त त्यात एक भर घालतो, कारण मला स्वतःला याच भागात सगळ्यात जास्त रस आहे.

आपण आत्तापर्यंत 'वाहिन्या वाढतात' एवढंच बोललो. पण त्या कशा असतात हेही पाहायला हवं. २०१७ मधे लंडनच्या क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या गटाने माणसाच्या एएमएलच्या पेशी उंदरांत वाढवल्या आणि जिवंत उंदराच्या कवटीच्या हाडात मायक्रोस्कोपने आत बघितलं. वाहिन्या गळक्या झाल्या होत्या. भिंतीतून पाझर होत होता, प्रवाह बिघडलेला. नायट्रिक ऑक्साइड जास्त होत होतं त्यामुळे. ते कमी करणारं औषध केमोबरोबर दिलं तर केमोचा परिणाम सुधारला.

लगेच पुढच्या वर्षी, २०१८ मधे, लंडनमधेच इम्पीरियल कॉलेजच्या गटाला दिसलं की एएमएल मज्जेच्या मधल्या भागातल्या वाहिन्या तशाच ठेवतो पण हाडाच्या कडेला लागून असलेल्या वाहिन्या *नष्ट* करतो. आणि निरोगी मूळपेशींना तिथलाच आसरा असतो. म्हणून निरोगी रक्त तयार होणं बंद पडतं. त्यांनी उंदरांना डेफेरॉक्सामिन दिलं तर कडेच्या वाहिन्या टिकल्या आणि केमोही जास्त चाललं.

वैदर्भीय (बुधवार, रात्री ९.३०)

डेफेरॉक्सामिन म्हणजे थॅलेसेमियाच्या मुलांना लोह काढायला पंपाने देतात ते? आमच्या शेजारच्या मुलीला रात्रभर पोटाला तो पंप असायचा.

पेशीवाला (बुधवार, रात्री ९.३८)

तेच. पण हे उंदरांतलं आहे, कोणी त्यासाठी घेऊ नये.

डोंबिवली_फास्ट_नाही (बुधवार, रात्री ९.५०)

माझा गोंधळ झाला. एकीकडे वाहिन्या तोडायच्या, दुसरीकडे वाचवायच्या. मग नक्की काय करायचं?

अण्णा_सांगलीकर (बुधवार, रात्री १०.१५)

मला समजलं ते सांगतो, चुकलं तर पेशीवाले सांगतील.

पाटाला भगदाड पडलं की पाणी दिसतं भरपूर, सगळीकडं चिखल, पण पिकाच्या मुळाला पोचत नाही. अशा वेळी पाट बुजवून टाकला तर वावरच वाळतं. आणि खत सोडायचं झालं तरी त्या पाटानंच सोडायचं असतं ना? केमो जातं ते त्याच वाहिन्यातून. म्हणून भगदाड बुजवायचं, पाट नीट करायचा. मी रात्रीची दारं धरलीत चाळीस वर्षं, बॅटरी घेऊन सारखं फिरून बघायला लागतं की कुठं फुटलंय.

पेशीवाला (बुधवार, रात्री १०.२२)

अण्णा, हे मी उद्या माझ्या प्रयोगशाळेत सांगणार आहे. अगदी हेच. वाहिन्या नुसत्या मोजून भागत नाही. त्या कुठे आहेत, गळतात का, आणि कोणाला पोसतात ते बघावं लागतं. आणि त्या पाणी पोचवून गप्प बसत नाहीत. वाहिनीच्या अस्तरातल्या पेशी स्वतः वाढीचे निरोप सोडतात, त्यावर कॅन्सर पेशी तगतात, आणि कॅन्सर पेशी उलट व्हीईजीएफ सोडून अस्तराला पोसतात. नुसतं व्हीईजीएफ अडवून का भागलं नाही, त्याचं बरंचसं उत्तर मला या देवाणघेवाणीत दिसतं.

पेठकर (गुरुवार, सकाळी ९.००)

वाचनखूण साठवली. सायली, शुक्रवारचे प्रश्न कागदावर लिहून ने, आणि आईंना आत बसवून मगच बोलणं सुरू कर. डॉक्टरांना 'दोन मिनिटं जास्त द्या' म्हणायला लाजायचं नाही.

सायली_ठाणे (शुक्रवार, रात्री १०.४५)

आलो जाऊन. कागद नेला होता, डॉक्टर कागद बघून म्हणाल्या एवढं कोणी शिकवलं, मी तुम्हा सगळ्यांचं सांगितलं.

वाहिन्यांच्या ओळीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, आजार मज्जेत भरलाय त्याचंच ते चिन्ह, वेगळी काळजी करू नका, वेगळं औषध नाही. आजार ओसरला की मज्जा पुन्हा तपासू तेव्हा कदाचित ती ओळ नसेल. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आणि फिशचं विचारलं, फिश पुढच्या आठवड्यात येईल.

मंगळवारपासून बोर्टेझोमिब आठवड्यातून एकदा पोटावर, लेनालिडोमाइडच्या गोळ्या आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. लेनालिडोमाइडने पायात गुठळी होऊ शकते म्हणून ॲस्पिरिन रोज. मी येड्यासारखं विचारलं की वाहिन्या वाढल्यामुळे गुठळी होते का, तर नाही म्हणाल्या, ते औषधामुळे आणि आजारामुळेही. पाय सुजला, पोटरी दुखली तर लगेच फोन करायचा.

आईला अण्णांचं सांगितलं, आठ वर्षं आणि रोज शेताला चक्कर. आधी काही बोलली नाही. मग रात्री जेवताना म्हणाली, ते कुठला ऊस लावतात विचार.

अण्णा_सांगलीकर (शनिवार, सकाळी ६.२०)

८६०३२ आहे, आडसाली. आईना सांग तोडणीच्या वेळी सांगलीला यायचं, रस काढून ठेवतो. नाही, रस नको, कच्चा चालत नाही ना. मग नवा गूळ ठेवतो.

डेक्साच्या दिवशी रात्री झोप येणार नाही, ती गोळी सकाळीच नाष्ट्यानंतर घ्यायची. साखर वाढते, तपासत राहा. पोटावरच्या इंजेक्शनला दर वेळी बाजू बदलायला सांग, एकाच जागी घेतलं की लाल गाठ येते. मंगळवारी झालं की लिही.